हिम्मतरावांनी पारखलेलं पिल्लू

हिम्मतरावांना घरात कोणी काही विचारत नसे. तक्रार म्हणून नाही सांगत, होतं ते असं होतं. रंगीत टीव्ही कुठला घ्यायचा, राणीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं भामाबाई ठरवायच्या. नांदेडकडची शेती भावांवर सोडून हिम्मतराव सिकंदराबादजवळ तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून हे असंच.

म्हणून सत्त्याण्णव साली राणीनं "पप्पा, कुत्रा कुठला घ्यायचा?" असं विचारलं, तेव्हा गडी खुर्चीत सावरून बसला.

केबल आल्यापासून पोरगी परदेशातल्या कुत्र्यांचे खेळ बघत बसायची. कुत्रे काय, आडव्या दांड्यांवरून उड्या मारतायत, बोगद्यातून पळतायत! पुढच्या वर्षी सिकंदराबादला तसलाच खेळ भरणार होता आणि चौदा वर्षांच्या राणीला त्यात उतरायचं होतं. अल्सेशियन भामाबाईंनी आधीच बाद केला; पाहुणे दारातूनच परत जातील, म्हणाल्या. डॉबरमनचं तोंड त्यांना बघवेना. लॅब्रॅडॉरचं सगळं लक्ष खाण्यात, असं राणीचं मत. राहिला बॉर्डर कॉली. चपळ, लवकर शिकणारा, माणसांत रमणारा, मूळचा मेंढ्या वळणारा.

"मेंढ्या वळणारा? मग तो मला कळतो," हिम्मतराव म्हणाले. "जनावर पारखावं ते आमच्या घराण्यानं!"

"तारनाक्यात मेंढ्या कुठून आणणार आहात?" भामाबाई हसल्या. "पण जा, तुम्हीच निवडून आणा."

सैनिकपुरीत एका निवृत्त मेजरांकडे पिल्लं होती. हिम्मतरावांना कुत्र्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण बैल कळत होता. त्यांनी एकेक पिल्लू उचलून दात बघितले, पंजे दाबले, शेपटी मोजली, अंगावरचे भोवरे शोधले. मेजर बिचारे बघतच राहिले. मग आली त्यांच्या आजोबांची बैल पारखायची परीक्षा. बैलाच्या मागे गुपचूप जाऊन डबा बडवायचा. बुजला तो बैल सोडून द्यायचा. हिम्मतरावांनी मेजरांचं पितळी ताट घेतलं आणि पिल्लांच्या मागे जाऊन दणकन वाजवलं. पाच पिल्लं केकाटत खाटेखाली पळाली. सहावं, दुधासारखं पांढरं, चपलेचा अंगठा चावत जागेवर बसून राहिलं.

"हाच! शंभरांत एक असतो असा," हिम्मतराव म्हणाले.

नाव त्यांनीच ठेवलं, ढवळ्या. बैलाचं नाव कुत्र्याला! ताटाची गोष्ट त्यांनी अख्ख्या कॉलनीला ऐकवली, काहींना दोनदा. हाक मारल्यावर ढवळ्या ढुंकून बघत नसे, तेव्हा म्हणायचे, "मानी जनावर आहे."

दिवाळीच्या सकाळी कोणीतरी अंगणात सुतळी बॉम्ब लावला. धडाम! खिडकीच्या काचा हादरल्या, कावळे उडाले. ढवळ्या बॉम्बपासून दोन हातांवर झोपला होता, तो झोपूनच राहिला. हिम्मतरावांची छाती आधी फुगली. मग त्यांना कसंतरीच वाटलं. जवळ जाऊन त्यांनी त्याच्या कानामागे टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. ढवळ्याचा कानही हलला नाही.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "हौ साब, पैदाइशी बहरा है. सफेद मुँह के बच्चों में होता ऐसा."

चार दिवस हिम्मतरावांना अन्न गोड लागलं नाही. सांगावं, तर या घरात पुन्हा कोणी काही विचारायचं नाही. न सांगावं, तर पोरीचं वर्ष फुकट जायचं. बहिरा कुत्रा काय डोंबल खेळणार? पाचव्या दिवशी संध्याकाळी ते मन घट्ट करून विद्यापीठाच्या मैदानावर गेले. राणी रोज तिथंच ढवळ्याला शिकवायची.

विटांवर बांबू आडवे टाकले होते. राणीच्या तोंडून शब्द निघत नव्हता. तिनं हात वर केला, ढवळ्या बसला. तळवा डावीकडे वळवला, तो डावीकडे धावला. हात पुढे झोकला, त्यानं बांबूवरून उडी टाकली आणि पुन्हा तिच्या हाताकडे बघत उभा राहिला.

हिम्मतराव तिथंच खाली बसले. चूक सांगायला आले होते, ती पोरीला आधीच ठाऊक होती.

"कधीपासून माहीत आहे?"

"आणला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून, पप्पा. कुकरची शिट्टी झाली तरी तो हलेना, मम्मीनं लगेच ओळखलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मम्मी नक्को बोलली."

"का म्हणून?" हिम्मतरावांचा आवाज चढला. लाज वाटली की त्यांचा आवाज चढायचा.

राणीनं मान खाली घातली. "बोलली, आपण त्यांना कधी काही विचारत नाही. एकदाच विचारलं. तेही चुकलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"