विलंबाचे कारण

आमच्या संध्याकाळच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर नोकरीचा दाखला लागतो. दिवसा कामाला जाणाऱ्यांसाठी हे कॉलेज, तेव्हा माणूस खरंच कामाला जातो हे मालकाने लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून द्यायचं. एकवीस वर्षं मी प्रवेशाच्या खिडकीत बसतोय आणि एकवीस वर्षं हेच वाक्य बोलतोय. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. खिडकीतला माणूस गोड बोलायला लागला की रांग पुढे सरकत नाही.

हंसा भोईर शेवटच्या तारखेला आली. वय अडतीस, राहणार चेणे. सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरीच अभ्यास करून बारावी झालेली. तिचा अर्ज इतका नीट भरलेला होता की मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नोकरीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘स्वतःची भाजी, शांती नगर.’

“दाखला?”

“कुणाचा आणू सर? माजी नोकरी न्हाय. शेतातली भाजी हाय, मीच इकते.”

“मग नियमात बसत नाही.”

रांगेतला एक जण मागून म्हणाला, “दीदी, किसी दुकानवाले से लिखवा लो ना. सब वही करते हैं.”

“जिथं मी काम करत न्हाय तिथलं कसं लिवून आणू?” ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मला राग आला. तिचा नव्हे. एकोणीस वर्षांचा असताना मी परभणीहून भाईंदरला मामांकडे आलो, तेव्हा हातात काम नव्हतं. मामांनी एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातून दाखला आणून दिला. ‘उत्तम सोनकांबळे आमच्याकडे दोन वर्षांपासून पॉलिशचे काम करतात.’ त्या कारखान्याचं दारही मी आजतागायत पाहिलेलं नाही. त्याच दाखल्यावर मी याच कॉलेजात शिकलो आणि पुढे इथेच चिकटलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. कुणी खोट्या दाखल्याचा विषय काढला की मी दुप्पट कडक होतो.

“यंदा घरातल्यांनी हो म्हटलंय सर,” ती हळू आवाजात म्हणाली. “सासू संध्याकाळी भाजीवर बसते बोलली. एकदा नाव लागलं की मग कोण काढणार न्हाय. पण पुढच्या वर्षी परत इचारायची माजी हिंमत न्हाय.”

“पुढे कोण आहे?” मी रांगेला विचारलं.

ती बाजूला झाली. अर्ज परत न मागता तशीच निघून गेली. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

चौथ्या दिवशी फायली लावताना मे महिन्यातलं संस्थेचं परिपत्रक समोर आलं. ‘स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी नोकरीच्या दाखल्याऐवजी स्वतःच्या सहीचे घोषणापत्र द्यावे.’ खाली निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘वाचले’, आणि त्याखाली माझी सही.

वाचलं नव्हतं. शिपाई दशरथ परिपत्रक आणतो, मी ‘वाचले’ लिहितो, पंच करून फायलीला लावतो. वर्षानुवर्षं आमच्या ऑफिसात हीच पद्धत आहे आणि आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

मी परिपत्रक घेऊन प्राचार्यांकडे गेलो. माणूस वाईट नाही. म्हणाले, “उशिरा प्रवेशाला संस्था परवानगी देते. पण विलंबाचं कारण लिहावं लागतं. ऑफिसची चूक म्हटलं की चौकशी आली. तुमची दोन वर्षं राहिलीत ना, सोनकांबळे?” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “विद्यार्थिनीने कागदपत्रं उशिरा दिली असं लिहून घ्या, तिची सही आणा. बाई खूशच होईल.”

तो कागद मी स्वतः टाईप केला.

संध्याकाळी शांती नगरला गेलो. फुटपाथच्या कडेला मेथी, मुळा, लाल माठ मांडून ती बसली होती. “ले लो भाभी, अपने खेत का है,” असं एका बाईला सांगत होती. मला पाहून उठली, पदराला हात पुसले.

“तुमचं काम होतंय,” मी म्हणालो. “नियम बदललाय.” कालच बदलला असावा अशा थाटात म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग मी कागद पुढे केला. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. ‘मी मुदतीत कागदपत्रे सादर केली नाहीत. ही चूक सर्वस्वी माझी आहे.’ तिथे बोट थांबलं.

“सर, मी तर तारखेच्या आत आलेली. फॉर्म तुमच्याकडंच हाय.”

“हो.”

“मग?”

मग मी सगळं सांगितलं. परिपत्रक, ‘वाचले’, माझी सही, चौकशी, राहिलेली दोन वर्षं. भांड्यांच्या कारखान्याचं मात्र सांगितलं नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने मुळ्याची जुडी दिली. मग माझ्या खिशाला लावलेल्या पेनकडे हात केला.

“खोटं हाय ना हे?”

“हो.”

“चालंल. माजी काय नोकरी न्हाय जायाची. तुमची हाय.”

आणि तिने अर्जावरच्याच त्या नीट अक्षरात पूर्ण नाव लिहून सही केली. तो कागद मला तिथल्या तिथे फाडता आला असता. मी घडी करून खिशात ठेवला. वर तिने दिलेली मेथीची जुडीही घेतली.

हंसाचं नाव लागलं. रोज सव्वासहाला खिडकीवरून जाताना ती “नमस्कार सर” म्हणते. वर्गात पहिल्या बाकावर बसते.

मागच्या आठवड्यात मी हजेरीचा कागद घेऊन वर्गात गेलो, तेव्हा नवे प्राध्यापक उशिरा प्रवेश घेतलेल्यांची यादी वाचत होते. यादीत एकच नाव होतं. “कागदपत्रं वेळेत देता येत नाहीत, तर पदवी कशी पुरी करणार?” त्यांनी विचारलं. हंसा उभी राहिली. तिने दाराशी उभ्या असलेल्या मला पाहिलं होतं.

“माजं चुकलं सर,” ती म्हणाली. “परत न्हाय होणार.”

मी हजेरीचा कागद टेबलावर ठेवला आणि खाली खिडकीत येऊन बसलो.