गौराबाईने लावलेली पोथी

सखा आमच्या भिसेगावचाच, त्यामुळे त्याची कादंबरी कर्जतच्या वाचनालयात आली तेव्हा पहिले दोन महिने ती कपाटात टेकलीच नाही. १९८१ साल होतं. 'धुराचा मठ' असं नाव. घर सोडून गोव्याच्या किनाऱ्यावर हिप्पींबरोबर राहायला गेलेली चार मराठी पोरं, त्यांचा गांजा, त्यांचा चरस, त्यांचं तत्त्वज्ञान आणि शेवटी उडालेली सगळ्यांची दाणादाण, असं सगळं हसवत हसवत सांगितलेलं. 'आम्ही घर सोडलं ते स्वातंत्र्यासाठी, आणि दिवसभर वाट बघायचो ती कुणीतरी पाव आणील याची,' हे त्यातलंच वाक्य.

मी तिथली ग्रंथपाल. पुस्तक परत करताना लोक काय काय बोलतात ते ऐकणं हा माझा पगाराबाहेरचा आनंद. खालापूर कोर्टातल्या एका वकिलांनी समासात पेन्सिलीने 'समाजाला लागलेली कीड' असं लिहिलं आणि पुस्तक मुदतीपेक्षा तीन आठवडे जास्त ठेवून घेतलं. एका निवृत्त गुरुजींनी मुखपृष्ठावरची चिलीम झाकायला खाकी कव्हर घातलं आणि परत करताना हळूच विचारलं, "याचा दुसरा भाग येणार आहे का हो?"

पण सगळ्यांचं लाडकं पान एकशे बारावं. त्यात गणू नावाचा पोरगा दोन दिवस झाडाला टेकून, मांडी घालून बसलेला असतो. मंडळींना वाटतं, समाधी लागली. ते भोवती बसून भजन म्हणतात, त्याला हार घालतात. एक गोरा चेला त्याचे पाय चेपतो आणि म्हणतो, "पाय थंडगार पडलेत. साधना पक्की!" तिसऱ्या दिवशी वास येतो तेव्हा कुठे त्यांना कळतं.

ते वाक्य कर्जतभर झालं. टपाल कचेरीत चहा गार आला की कुणीतरी म्हणायचंच, "साधना पक्की!" खोटं कशाला सांगू, त्या पानाला मीही काउंटरवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

श्रावण लागला आणि आमच्या आळीतली गौराबाई वाचनालयाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिथे तिला पाहून मला नवलच वाटलं.

"जया, माझा मोरू पुस्तकात आलाय म्हनं?"

"कोण म्हणालं, मावशी?"

"सगळी म्हनतात. चटनीच्या डब्यावरनं वळखला. औंदा मी पोथी लावनार ती तीच. तू वाचायची."

गणूजवळ आईने दिलेला बोंबलाच्या चटणीचा पत्र्याचा डबा असतो, हे मी वाचलं होतं आणि पुढे गेले होते. गौराबाईचा एकुलता एक मोरू सात वर्षांपूर्वी सख्याबरोबरच निघून गेला होता. परत आला तो एकटा सखा. त्याने तिला सांगितलं, कावीळ झाली, दवाखान्यात मी उशाशी होतो, तिथेच सगळं उरकलं. मग तो मुंबईला गेला आणि पुन्हा तिच्या दारात आला नाही.

मी सांगून पाहिलं, ही पोथी नाही, कादंबरी आहे, त्यात नाही नाही ते आहे. "माझा पोर हाय त्यात," ती म्हणाली. "मला तीच पोथी."

पोथी एकदा लावली की मोडायची नाही, ओळ गाळायची नाही, शेवटचं पान झाल्याशिवाय उठवायची नाही. हे सगळं ठाऊक असून मी हो म्हटलं, कारण मनात हिशेब वेगळा होता. तिला कुठे वाचता येतंय? एकशे बारावं पान आपण आपल्या मनाने वाचू. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या पाच-सहा बाया जमायच्या. चौरंगावर 'धुराचा मठ', त्यावर तेरड्याचं फूल, मुखपृष्ठावरच्या चिलमीला हळदकुंकू. पहिल्या दिवशी मी वाचताना 'चरस'च्या जागी 'विडी' म्हटलं, पण शेजारची अंबूबाई म्हणाली, "विडीनं कुनी असा बरळतो व्हय गं?" तेव्हापासून जसं होतं तसं वाचू लागले. बाया पोट धरून हसायच्या. गोरे लोक चटणी औषध समजून चमच्याने खातात आणि घामाघूम होतात, तिथे गौराबाईने तोंडात पदर कोंबला. "माझीच चटनी ती!" तिने एकेकीला सांगितलं. सात वर्षांत तिला अशी हसताना मी पाहिली नव्हती. आणि रोज ते पान जवळ येत होतं. मला जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी ते आलं. मी पहिली ओळ वाचली आणि मग डोळे पानावरच ठेवून माझं सुरू केलं. कावीळ, दवाखाना, पांढरी चादर, उशाशी मित्र. गणूने पाणी मागितलं, आईला हाक मारली. चांगलं जमत होतं मला. बायकांनी डोळे पुसायला घेतले.

"जया," गौराबाई म्हणाली, "पान उलट."

"उलटते."

"कवाधरनं बोलतीस. येवढ्यात दोन पानं व्हायची. मला वाचता येत नाय, पन आठ दिस बघतेय मी, किती बोललीस की पान उलटतं ते. हाय ते वाच."

"मावशी, नको."

"पोथी हाय. वाच."

मी वाचलं. झाड, मांडी, हार, भजन. थंड पायांचं वाक्यही वाचलं. अंबूबाईने मान खाली घातली, तिच्याही घरी ते वाक्य म्हणत असणार. मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? ते वाक्य अजूनही मजेशीर होतं.

कुणी हसलं नाही. गौराबाई रडलीही नाही.

"दवाखाना नव्हताच," ती म्हणाली. "ते मला कवाच कळलं व्हतं. दवाखान्याचा कागुद नाय, पोराचं कापड नाय."

"मावशी, लेखक मनाचंही घालतात हो."

"चटनी मनाची हाय?"

मी पुस्तक मिटू लागले, तर तिने पानावर हात ठेवला.

"त्याच्या भवती भजन म्हनत व्हती?"

"हो."

"हार घातला?"

"हो."

"म्हंजे येकटा नव्हता."

मला जरा हायसं वाटलं. धरायला काहीतरी सापडलं म्हणायचं तिला. पण ती पुस्तकाकडे बघतच राहिली.

"पन जया, मोरू झोपेतसुदा बडबडायचा. गोऱ्यांना काय ठावं? सख्या न् तो येका ताटात जेवलेली पोरं. मोरू दोन दिस गप बसला, तर सख्यानं त्याला हलवून बघितला नाय?"

कर्जतमधल्या साठेक माणसांनी तोवर ते पुस्तक वाचलं होतं, मी तर तीनदा. वकिलांना त्यात कीड दिसली, मला विनोद दिसला. हे कुणालाच दिसलं नव्हतं. त्या पानावर गोष्ट सांगणारा 'मी', म्हणजे सखाच, झांजा वाजवत असतो, एवढंच सख्याने लिहिलं आहे.

उरलेली चाळीस पानं तिने पुढच्या तीन दुपारी वाचून घेतली. मोरू त्यात कुठेच नव्हता आणि बायाही येईनाशा झाल्या. समाप्तीला तिने वालाच्या बिरड्याचा नैवेद्य दाखवला. मग मला पाठवून इनलँड पत्र आणवलं. प्रकाशकाच्या पत्त्यावर धाडलं तर सख्याला पोचेल, असं मी सांगितलं आणि आधी पत्ता घातला.

"लिही," ती म्हणाली. "मोरू गप बसनारा नव्हता. तुला ठावं व्हतं."

मी लिहिलं. "अजून काय?"

"बास."

सगळा निळा कागद मोकळा राहिला होता. त्याखाली आपण दोन ओळी समजुतीच्या घालाव्यात असं माझ्या मनात आलं. पेन मी अजून खाली ठेवलं नव्हतं. गौराबाईने माझ्या हाताकडे पाहिलं. मग पत्र ओढून घेतलं, डिंकाच्या कडेवरून जीभ फिरवली आणि स्वतःच घड्या घालून ते चिकटवून टाकलं.