मधोमध बोथट

मित्रांनो, मी एक जुना वस्तरा. जुना म्हणालो म्हणून लगेच हळहळू नका. भल्याभल्यांनी माझ्यासमोर मान वर करून गळा उघडा टाकला आहे आणि वर गप्प बसले आहेत. असा मान तुमच्यापैकी किती जणांना मिळतो?

माझा जन्म भट्टीतला. लोहारानं मला लाल होईपर्यंत तापवलं, ठोक ठोक ठोकलं, तेलात बुडवलं आणि पुन्हा तापवलं. मग माझं पातं घासून इतकं पातळ केलं, की नखानं टिचकी मारली तरी मी गायचो. एका म्हाताऱ्या न्हाव्यानं मला विकत घेतलं आणि थोरल्या मुलाच्या हाती दिलं. थोरल्याचा हात काय वर्णावा! गिऱ्हाईक खुर्चीत घोरत असायचं आणि मी त्याच्या हनुवटीवरून फिरून परतही आलेला असायचो. ते माझे सोन्याचे दिवस होते.

एका सकाळी दाढी करता करता थोरल्याची उजवी बाजू लुळी पडली. तो कोसळला, मीही फरशीवर आपटलो. सगळे त्याच्याकडे धावले. बरोबरच आहे म्हणा. पण माझी मूठ तडकली, त्याची कोणी साधी चौकशीही केली नाही.

थोरल्याची खुर्ची रिकामी झाली आणि म्हाताऱ्यानं ती मनातल्या मनात धाकट्या मुलाला देऊनही टाकली. या धाकट्याला दुकानातल्या आरशात आपलाच भांग पाडण्यापलीकडे कशाची हौस नव्हती. पण थोरल्याची बायको भर दुकानात येऊन उभी राहिली.

"बाबा, यांची खुर्ची मला द्या. यांची दाढी रोज मीच करते, हात बसलाय माझा. धार लावायची तेवढी शिकवा."

रोजची गिऱ्हाइकं म्हणाली, "द्या की एक संधी. काय बिघडतंय?"

लोकांसमोर नाही कसं म्हणणार? म्हातारा गोड हसला. "का नाही? पण सूनबाई, ज्याला स्वतःच्या वस्तऱ्याला टोकापासून मुठीपर्यंत सारखी धार लावता येत नाही, त्यानं खुर्चीमागे उभं राहायचं नाही, हा आपल्या दुकानाचा कायदा. महिनाभर शीक. मग सगळ्यांसमोर ताणून धरलेला एकेक केस पात्याच्या टोकाशी, मुठीशी आणि मध्ये तोडून दाखव. जमलं तर खुर्ची तुझी, नाहीतर धाकट्याची."

त्यानं मला तिच्या हाती दिलं आणि सोबत कापडात गुंडाळलेला दगड दिला. शिकवलंही अगदी व्यवस्थित. दगडावर पाणी घाल. पातं आडवं ठेव, पाठ आणि धार दोन्ही टेकव. धार पुढे ठेवून सरकव, मग पाठीवर उलटव आणि माघारी आण. जोर लावायचा नाही. "आणि हो, काम झालं की दगड ताबडतोब पुसून गुंडाळायचा. ओला ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे."

पहिल्याच फेरीत मला कळलं. दगड मधोमध खोलगट होता. वर्षानुवर्षं घासून घासून त्याची बशी झाली होती. सपाट दगड म्हाताऱ्यानं धाकट्यासाठी खणात दडवून ठेवला होता. खोलगट दगडावर माझी दोन टोकं तेवढी टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. तिथे प्रत्यक्ष ब्रह्मदेव धार लावायला बसला तरी मध्ये मी बोथट तो बोथटच. आणि ओला दगड तसाच ठेवला तर खळग्यात पाणी साचून दिसणार, म्हणून ते पुसण्याचं सोंग!

ती बिचारी रोज सकाळी अंगणात बसायची. धार लागेना, मग नवशिके करतात तेच तिनं केलं, जोर लावला. माझी टोकं झिजली. तिची बोटं कापली. म्हातारा येऊन मला उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "सूनबाई, वस्तरा आहे हा, जिना पुसत नाहीयेस!" धाकटा खिदळायचा. मला त्या दोघांचा असा संताप यायचा, पण मी पडलो हत्यार. माझं ऐकतो कोण?

शेवटी तिनं दगड नवऱ्याच्या पलंगावर नेऊन ठेवला. "अहो, जरा बघा ना. दगडातच काही दोष नाही ना?"

थोरल्यानं धडधाकट डावा हात पुढे केला. अंगठा दगडावरून फिरवला. मधोमध आल्यावर तो अंगठा थांबला, मी डोळ्यांनी पाहिलं. आयुष्य धार लावण्यात गेलेला माणूस तो, त्याला कळणार नाही? त्यानं हात मागे घेतला.

"दगड झकास आहे. तुझा हातच वाकडा."

परीक्षेच्या दिवशी दुकान भरलं होतं. म्हाताऱ्यानं केसही तिच्याच डोक्यावरचा उपटला आणि ताणून धरला. टोकाशी तुटला. मुठीशी तुटला. मध्ये वाकला आणि तसाच राहिला. माणसं पोट धरधरून हसली. संधी द्या म्हणणारी गिऱ्हाइकं सगळ्यांत जास्त हसली. धाकटा लगेच खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या हातात धुवायचे टॉवेल आले.

घरी येऊन तिनं आणखी एकदा मला दगडावर घासलं, रडत रडत. त्या दिवशी मात्र दगड पुसला नाही, तसाच कट्ट्यावर टाकला. थोड्या वेळानं पाहते तर कडा वाळलेल्या आणि मधोमध डबकं. तिनं माझी पाठ दगडावर आडवी टेकवली आणि पाहिलं, तर मधोमध पाठीखालून उजेड येत होता.

ती पलंगापाशी गेली. "तुम्हाला कळलं होतं."

थोरला भिंतीकडे वळला. "तू माझ्या खुर्चीमागे उभी राहणार आणि मी इथे पडून राहायचं? लोक मला काय म्हणाले असते?"

ती दगड उचलून बाहेर आली. अंगणात ओली वाळू टाकून तिनं तो दगड फरशीवर घासला, सपाट होईपर्यंत घासला. मग दुकानातून धाकट्याचा बोथट वस्तरा आणून त्याला धार लावली आणि म्हाताऱ्यासमोर केस धरला. मधोमध तुटला. म्हातारा म्हणाला, "वा! हात बसला की तुझा. पण धाकट्याला खुर्ची दिली ती दिली. आजपासून सगळ्या वस्तऱ्यांना मात्र तूच धार लावायची." आता दुकानातले सगळे वस्तरे तिच्या हातून लखलखत जातात आणि धाकट्याचं नाव होतं.

फक्त मला तिनं पुन्हा दगडावर घेतलं नाही. मला घरीच ठेवलं आहे.

मित्रांनो, कोणाला एखादं काम जमत नसेल, तर हसण्याआधी त्याच्या हाताखालचा दगड एकदा बघा. आणि माझ्यासाठी एवढं करा, तिला सांगा की मला त्या सपाट दगडावर घे. हे असं जगणं मला सोसत नाही. कारण रोज सकाळी ती नवऱ्याच्या गालाला फेस लावते, मला उघडते आणि माझा नेमका मधला भाग त्याच्या गळ्यावर ठेवून सावकाश ओढते.

"आई गं! दुखतंय. याला मध्ये धार नाही."

"धार झकास आहे," ती म्हणते. "माझा हातच वाकडा."