इंद्रजितरावांचं नाव

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की उखाणे पुरवायचं काम उत्तराचं. कोणाच्या नवऱ्याचं नाव कितीही आडमुठं असो, चहा उकळेपर्यंत ती ते यमकात बसवून देई. तिच्या स्वतःच्या उखाण्यांत मात्र इतकी वर्षं एकच सूर होता, इंद्रजितरावांवरच्या प्रेमाचा. बायका चिडवायच्या, ती लाजायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं.

यंदा तिच्या जिवाचा नुसता जाळ झाला होता. आठवड्यापूर्वी इंद्रजित अंघोळीला गेले असताना त्यांचा फोन ओट्यावर वाजला. 'ऑफिस कॅब' या नावाने मेसेज होता: 'आज लवकर या ना. भरली वांगी करतेय.' एवढ्या मोठ्या दिल्लीत बाई मिळाली तीही मराठी, वर भरली वांगी करणारी! उत्तराने विचारलं तर म्हणाले, "काहीतरीच काय, यार!" आणि डबा न घेताच निघून गेले.

हळदीकुंकू रद्दच करावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण मग तिने ठरवलं, नाव घ्यायचं आणि खरं खरं घ्यायचं, सगळ्यांदेखत. कोणाला तरी कळल्याशिवाय तिला आता श्वास घेववत नव्हता.

दुपारी बायका जमल्या. गुरुग्रामहून मेट्रोने संपदाही आली. संपदा घटस्फोटित. तिला कुंकू लावायचं म्हटल्यावर दोन वर्षांपूर्वी बायकांनी नाकं मुरडली होती, तेव्हा उत्तराच तिच्या बाजूने कडाकडा भांडली होती. तिला स्वतःचंच नाव घ्यायचा उखाणाही उत्तरानेच करून दिला होता.

"चलो उत्तरा, घे नाव!" शेजारच्या सुहासिनीताई म्हणाल्या.

उत्तराने घसा खाकरला.

"दिल्लीच्या धुक्यात दिसेना वाट,
दोघांसाठी मांडते रोज मी ताट;
भूक भागते ज्यांची परक्याच दारी,
त्या इंद्रजितरावांचं नाव घेते, ही शेवटची बारी."

हशा उसळला. "अच्छा, म्हणजे भावोजी बाहेर छोले-भटुरे चापतात तर!" सुहासिनीताईंनी टाळी दिली. नवऱ्याला टोमणा मारणारा उखाणा हसण्यावारीच न्यायचा, ही आपली जुनी खोड. उत्तराचा एवढा संताप, पण तो चिवड्याबरोबर फस्त झाला.

फक्त संपदा हसली नाही. तिने हातातली बशी तशीच खाली ठेवली. उत्तराने तिच्याकडे पाहिलं तशी तिने मान खाली घातली. भरली वांगी कोण करतं, ते उत्तराला कळलं.

"आता संपदा!" कोणीतरी ओरडलं. "उत्तराने दिलाच असेल काहीतरी करून."

उत्तरा कोयरी घेऊन संपदासमोर उभी राहिली. "तिला वेगळा कशाला हवा?" ती म्हणाली. "आत्ता मी घेतलं ना, तेच नाव तिचंही."

या वेळी कोणी हसलं नाही.

"उत्तराताई..." संपदा पुटपुटली.

उत्तराचं बोट कुंकवात तसंच राहिलं. याच कपाळासाठी आपण साऱ्या बायकांशी भांडलो होतो, हे तिला आठवलं, आणि तिला रडू फुटलं.