डोळ्यातली अंडी

आकाराममालकाला डॉक्टरपेक्षा महाराजांचा भरवसा जास्त, ही धोंडुबाईची तक्रार होती. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्याच्या बॅटरीच्या शेडमध्ये तिघा कामगारांना अंधुक दिसायला लागलं, तर या गृहस्थानं त्यांना टेम्पोत घालून थेट मलकापूरला महाराजांकडं आणलं. त्या तिघांत तिचा मुलगा पिराजी होता. त्याला एसटीची पाटी वाचता येईना, पोटात कळा येत, हातातला पाना गळून पडे. घरात कमावता तो एकटाच. म्हणून म्हातारी कुणी न बोलावता टेम्पोत चढली होती.

मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज पापणी उलटी करत, आत अंगठा फिरवत आणि डोळे मिटून मंत्र म्हणायला लावत. मंत्र संपला की पापणीखालून बुळबुळीत करडं अंडं निघे, पांढऱ्या फडक्यावर पडे. गर्दी हात जोडी.

"ह्यो नेत्रकिडा," महाराज सांगत. "मागच्या जन्मी वंगाळ नजरेनं बघितलासा, ह्या जन्मी त्यानं अंडी घातली. डॉक्टरचं थेंब बंद करा. थेंबावरच पोसतोय त्यो."

"किड्याला बी डॉक्टरचं औषध मानवतंय म्हनायचं," धोंडुबाई पुटपुटली.

पिराजीच्या डोळ्यातून दोन अंडी निघाली. तो हरखला. "आई, हलकं वाटतंय बघ."

"ही बोटं किती?"

तो डोळे बारीक करून पुढं वाकला.

तिनं फडक्यावरचं अंडं उचलून चिमटीत चुरडलं. बुळबुळीच्या आत काळा, टणक ठिपका होता. दर उन्हाळ्यात नातवंडांच्या सरबतात ती हेच तर घालायची.

"महाराज, माझ्या बी डोळ्यातनं काढा. पन आदी हात साबनानं धुवा."

महाराजांचं हसू विझलं. "श्रद्धा न्हाय तितं किडा निघत न्हाय, म्हातारे."

"मग किडा माज्यापेक्षा भाविक हाय की."

दोन चेले पुढं सरसावले. मागून कुणीतरी ओरडलं, "हिला भायेर काढा." पिराजी तिचा पदर ओढू लागला. धोंडुबाईनं महाराजांचं मनगट पकडलं आणि अंगठ्याचं वाढवलेलं नख समोरच्या पाण्याच्या वाटीत बुडवलं. बारीक काळे दाणे तळाला गेले.

"कुनी हात लावू नका. निस्तं बघा."

पहिली रांग वाटीवर वाकली, तसे चेले थबकले. हळूहळू एकेका दाण्याभोवती करडं, बुळबुळीत कवच चढलं.

"आगं, ह्यो तर सब्जा," एक बाई म्हणाली. "आमच्या दुकानात असतोय की."

"त्योच. नखातला दाना पापनीखाली ढकलायचा. मंतर होईस्तवर आसवांत फुगतोय."

गर्दी वाटीवर तुटून पडली, तेवढ्यात महाराज मागच्या दारानं पसार झाले. पिराजीच्या डोळ्यांपुढचं धुकं मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टर दीप्तीबाईंकडं नेलं. बाईंनी डोळे तपासले आणि मग, का कुणास ठाऊक, हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती.

"काम काय करता?"

"जुन्या बॅटऱ्या फोडतो. प्लेटांचं शिसं वितळवतो." बोलता बोलता सवयीनं पिराजीनं चंची काढली आणि तळहातावर तंबाखू मळू लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हात दाखवा."

तळव्याच्या रेघारेघांत करडी भुकटी बसली होती. शेडमध्ये सगळे असेच मळत, एकमेकांना चिमूट देत.

"चुन्याबरोबर शिसंही मळताय तुम्ही. वितळवताना धूर छातीत जातो, मळताना भुकटी तोंडात. ते रक्तात साचतं, पोट धरतं, हात लुळे करतं, डोळ्यामागची शीर सुजवतं. रक्त तपासू. ते काम आजपासून बंद."

"दिसंल का त्याला?" धोंडुबाईनं विचारलं.

"थोडं परत येईल. किती, ते आज सांगता येणार नाही."

तिथून ती तडक शेडमध्ये गेली. बंद दार ढकललं, तर आत धूर, आणि आकाराम खुर्चीवर बसलेला.

"देवाच्या मानसाचा अपमान केलासा, धोंडुबाई. पिराजीला भोगावं लागनार."

"भोगतोयच त्यो," ती म्हणाली. बाकीचे कामगार हातातलं काम टाकून उभे राहिले. "मालक, तुमी देवभोळं न्हाईसा, तुमी सोयीचं भोळं हायसा. पाप मागच्या जन्मीचं ठरलं की ह्या जन्मी धुराडं बांदाय लागत न्हाय. मी दुसरी पास, पन मला एवडं कळतंय की तिगांचं डोळं एकाच छपराखाली जात्यात, तवा आदी छपराखाली बघावं, मग आभाळाकडं. उद्या ह्या समद्यांचं रक्त तपासून आना. तुमचं बी. तुमी बी हितलाच धूर गिळताय."