उंबऱ्यापुढचं इंग्रजी गाणं

त्या रविवारी अल्लाउद्दीन ओट्यावर चिंचेचा कोळ घेऊन ट्रम्पेट घासत बसले होते. दोन हजार तीन सालचा मे महिना, लग्नसराई ऐन भरात. बँडच्या मालकाला धड जेवायलाही सवड नव्हती, पण काळवंडलेलं पितळ त्यांना खपायचं नाही. त्यांची लेक गुलनाज सकाळच्या एसटीनं पुण्याहून भोरला आली, तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आल्या का मेमसाब? काल कुठं गाणं झालं?"

"कॅम्पातल्या हॉटेलात, अब्बा."

"लोक काय करत हुते?"

"जेवत होते."

"मग आपलं बरं. आपल्याकडं पंगत उठल्यावर तरी ऐकतात."

गुलनाज जुनी अमेरिकी जॅझ गाणी गायची. त्या काळच्या गायिकांना मानवंदना, असं तिच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापलेलं असे. गाणं कुणी बांधलं, आधी कुणी गायलं, हे सांगितल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. ही बाई तालाच्या किंचित मागून शब्द टाकते आणि तरी ताल चुकत नाही, असं वर्तमानपत्रात कौतुकानं लिहून आलं होतं. ते तिनं रेकॉर्डी ऐकून उचललं, अशी सगळ्यांची समजूत.

उचललं होतं ते भोर-वेल्ह्याच्या चढणींवर. अल्लाउद्दीन तरुणपणी कॅम्पात हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. तिथल्या गोव्याच्या मास्तरांनी त्यांना ही गाणी शब्दांसकट शिकवली. पुढं हॉटेलचा बँड बंद झाला, तेव्हा ते भोरला परतले आणि त्यांनी लग्नाचा बँड काढला. शाळेच्या सुट्टीत गुलनाज त्यांच्याबरोबर जायची, कर्ण्याच्या हातगाड्यामागं चालत माइकवर गायची. चढावर धाप लागली की अब्बा शेजारून म्हणायचे, "ढोल पुढं गेला? जाऊ दे. तू आधी दम घे, मग शब्द टाक. मागनं आलेला शब्द लोकास्नी नीट ऐकू येतो."

वरात नवऱ्याच्या दारी पोचली की सगळी वाद्यं थांबत आणि अल्लाउद्दीन एकटेच एक संथ इंग्रजी गाणं वाजवत. पहिल्यांदा केव्हातरी त्यांनी ते हौसेनं वाजवलं असेल. पुढं कामथडीपासून वेल्ह्यापर्यंत त्याची रीतच पडून गेली. 'इंग्रजी' झाल्याशिवाय नवरीनं माप ओलांडायचं नाही. ऐकणाऱ्यांत कुणालाच शब्द ठाऊक नव्हते. गुलनाजला ते अब्बांनी शिकवले होते. लांबून आलेल्या माणसासाठी कुणीतरी दिवा लावून दारात उभं आहे, एवढंच त्यात होतं.

"अब्बा, एकदा स्टेजवर तुमचं नाव घेणार आहे मी," ती त्या दिवशी म्हणाली.

"नको गं बाई! बँडवाल्याचं नाव काढलंस, तर साहेबलोकांस्नी वाटंल आता घोडा येतोय."

आत चपात्या लाटणारी अम्मी, अकिला, मोठ्यानं हसली. गुलनाजच्या ओठांवर अजून एक वाक्य होतं. पण आभार वगैरे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. तिनं फडकं घेतलं आणि ट्रम्पेटचा कर्णा पुसू लागली. दुपारी अब्बांनी तिला एसटीत बसवलं, खिडकीतून आंब्याची पिशवी दिली. "विंझरची सुपारी घेतलीय," ते म्हणाले, "जमलं तर ये वरातीला."

दुसऱ्या दिवशी पहाटे नमाजासाठी वजू करून ते ओट्यावर टेकले, ते परत उठले नाहीत.

लग्न जवळ आलं तसा ढोलवाला गेनू घरी आला. अब्बांच्या बरोबरीचा, बँड निघाल्यापासूनचा.

"विंझरवाले म्हन्तात, न्हाई आलात तरी चालंल," तो गुलनाजला म्हणाला. "पर सुपारी आपल्या मास्तरांनी घेतलीया. जायाचं तर हाय. बाकीचं आमी वाजवू. दारातलं तेवढं..." त्यानं खुंटीवरच्या ट्रम्पेटकडं पाहिलं. "ते कुनालाच येत न्हाई."

"मला वाजवता येत नाही, गेनूकाका. गाता येतं."

दोघांनी अकिलाकडं पाहिलं. ती नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीत होती, घराबाहेर पडायची नव्हती. "जा," ती म्हणाली. "त्यांनी दिलेला शब्द अर्धा राहायला नको."

विंझरला वरात निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. गुलनाज गाड्यामागं अब्बांच्या जागी चालत होती. मातीनंतर तिच्या गळ्यातून एक सूरही निघाला नव्हता. हॉटेलात आवाज फाटला तर वाजवणारे सावरून घेतात. इथं दारात ती एकटीच असणार होती, आणि फाटलेल्या आवाजावर अब्बांची रीत संपलेली तिला बघवली नसती.

दार आलं. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं. नवऱ्याची परगावाहून आलेली आत्या, धोंडाबाई, नवरीला म्हणाली, "थांब गं, पाय उचलू नगंस. विंग्रजी व्हायचंय." मग तिनं इकडंतिकडं बघितलं. "मास्तर कुठं हायती?"

कुणीतरी तिच्या कानाशी लागलं. तिनं पदर तोंडाला लावला. "अरं द्येवा! ऱ्हाऊ द्या मग. घ्या पोरीला आत."

"न्हाई आत्या," गुलनाज म्हणाली. "व्हायचंय."

दारात ढोल वाजायची रीत नव्हती, तरी गेनूनं टिपरू हलकेच टेकवलं, ढोल घुमला. पहिला शब्द तिच्या घशातच अडकला. ठेका पुढं गेला. तिनं जाऊ दिला. पोटातून दम घेतला आणि शब्द टाकला. तो मागून आला, पण जागेवर पडला. त्याच्यामागं दुसरा, मग सगळी ओळ. खाली मान घातलेल्या नवरीनं अर्ध्यावर डोळे वर करून तिच्याकडं पाहिलं. गेनूनं गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही.

"ब्येस म्हनलीस गं," धोंडाबाई म्हणाली. "पर ह्ये गानं म्हनायचं कुनाचं?"

या प्रश्नाचं उत्तर गुलनाजला पाठ होतं. गाणं बांधणारे, आधी गाणारे, ती सगळी मोठी माणसं होती, त्यांच्या गाण्यांवर तिचं आयुष्य उभं होतं. पण माइक अजून हातात होता, आणि कर्णे गावाकडं तोंड करून होते.

"हे मला अल्लाउद्दीन मास्तरांनी दिलं," ती म्हणाली. "पुण्यात मी जे गाते ते त्यांच्याकडून, या गाड्यामागं चालत शिकलेय. अब्बा, घोडा येऊ दे नाहीतर हत्ती, आता जिथं गाईन तिथं तुमचं नाव घेणार. फार दिलंत तुम्ही मला."