खिचडी मावशीच्या घरचं रिसेप्शन

"बाहेरचा केटरर आणा की, आमची कुठं ना हाय?" हॉलचा मॅनेजर खुर्चीत मागं रेलून म्हणाला. "खरं एक सांगतो मावशी. जेवण बिघडलं आणि पावणं उठून गेलं, तर हॉलच्या नावानं बोंब मारायची न्हाय."

"बिघडत न्हाय," बनाबाई म्हणाली.

"केटररचं नाव सांगा. लिहून घेतो."

बनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आकाराम पंख्याकडं बघत बसला होता. आयुष्यभर फौंड्रीत लालबुंद लोखंडासमोर न डगमगता उभा राहिलेला माणूस, पण एसीच्या ऑफिसात शिरला की त्याची मांजर व्हायची. म्हणजे बोलायचं आपल्यालाच.

"लिवा," ती म्हणाली. "बनाबाई आकाराम चौगले."

मॅनेजरचं पेन हवेतच थांबलं. "तुम्ही? तुम्ही तर मुलीची आई ना?"

"व्हय. ती बी मीच."

काय रुबाब होता त्या दोन शब्दांत! पण बाहेर पायऱ्यांवर आल्याबरोबर तिनं आकारामचं मनगट धरलं. "अवं, हे मी काय बोलून बसलो?"

"झकास बोललीस," आकाराम म्हणाला. बाहेरच्या उन्हात त्याला पुन्हा कंठ फुटला होता. "आता निस्तर."

बनाबाई म्हणजे पेठेतल्या शाळेची खिचडी मावशी. शाळेत पोरांना दुपारचा पोषण आहार मिळतो ना, तो शिजवणारी. स्नेहल पहिलीत गेली त्या वर्षी ती या कामाला लागली, आणि आता त्याच स्नेहलचं लग्न ठरलं होतं. मधल्या काळात शाळेचा रंग बदलला, हेडमास्तर बदलले, बेंच बदलले. शेगडीसमोरची बनाबाई तीच. पोरं तिच्या पातेल्याच्या तळाची खरपुडी मिळावी म्हणून मारामाऱ्या करायची, पण तिचं नाव मात्र एकालाही ठाऊक नसायचं. मावशी म्हटलं की झालं.

स्नेहल दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती आणि वीरेश तिच्याच शेजारच्या टेबलावर. तो गडहिंग्लजकडचा, लिंगायत घरातला. दोन्ही घरांत थोडी आदळआपट झाली आणि मग सगळे थंड झाले. ठरलं असं, की लग्न त्यांच्याकडं, त्यांच्या पद्धतीनं. रिसेप्शन कोल्हापुरात, मुलीकडून आणि शाकाहारी. हॉलवाल्याच्या केटररचा दर ऐकून आकारामनं सोसायटीचं कर्ज काढायची भाषा सुरू केली होती. "पोरीचं लग्न हाय, साखर कारखाना काढायचा न्हवं," असं म्हणून बनाबाईनं ती तिथंच तोडली. आसपासच्या शाळांमध्ये खिचडी शिजवणाऱ्या चौघी जणी तिच्या मैत्रिणी होत्या. शेकडो पोरांचं जेवण त्या रोज करतात. मग पावण्यांचं का नाही?

का नाही, हे थोरल्या जावेनं सांगितलं.

बयाबाई शेजारच्याच घरात राहायची आणि अख्खी गल्ली तिच्या जिभेला वचकून असायची. "खिचडीवाल्या बायका रिसेप्शनचं जेवण करणार?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "व्याही म्हणंल, शाळा भरलीया काय इथं! बना, तुझ्या हौसेपायी पोर जल्मभर ऐकून घेईल बघ. खिचडीवालीची पोर म्हणून."

ते वाक्य बनाबाईच्या आत जाऊन बसलं. पोर हुशार, नोकरीची, सरळ मनाची. आणि सासरच्या प्रत्येक सणाला कुणीतरी हसत म्हणायचं, हिच्या आईनं आम्हाला शाळेचं जेवण वाढलं होतं! नाही. हे जेवण फक्कड व्हायलाच पाहिजे होतं.

मे महिना. शाळांना सुट्टी. हॉलच्या मागच्या शेडमध्ये सकाळपासून पाचही जणी पदर खोचून उभ्या होत्या. शाळेची भांडी घरच्या कार्याला वापरायची नाहीत, हा बनाबाईचा नियम. तालमीची मोठी पातेली फुकट मिळत होती, पण त्यात दर जत्रेला मटण शिजायचं. म्हणून गल्लीच्या गणपती मंडळाची महाप्रसादाची भांडी आणली होती. व्याह्यांनी विचारलं तर मान वर करून सांगता यावं! मसालेभाताचा वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. व्याह्यांच्या आवडीची गव्हाची खीर गुळात रटरटत होती. आणि सगळ्यात मोठ्या पातेल्यात जेवणाचा राजा होता, आख्खा मसूर. आकाराम कोपऱ्यात बसून कांदा चिरत होता आणि डोळे पुसत होता. कांद्यामुळं की पोरीमुळं, ते त्याला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तालमीची पोरं वाढायला आली. त्यांचा म्होरक्या सम्राट. मानेचा पत्ता नाही असा पैलवान, आणि बनाबाईच्या शाळेचा जुना विद्यार्थी. त्यानं वाटीभर मसूर तोंडाला लावला आणि डोळेच मिटले.

"मावशी! तीच चव!" तो ओरडला. "शाळेची! आईशप्पथ, डायरेक्ट चौथीच्या वर्गात जाऊन बसलो बघा!"

बिचाऱ्यानं मनापासून कौतुक केलं होतं. पण बनाबाईच्या हातातला झारा खाली आला. तिनं तळहातावर मसूर घेऊन चाखला. मग चौघींनी चाखला. मग पाचही जणी एकमेकींकडं बघत राहिल्या.

मसूर गोडा झाला होता. अगदी शाळेसारखा.

इतकी वर्षं पहिलीतल्या पोरांच्या जिभेला सोसेल एवढंच तिखट घालायची सवय. डोकं म्हणत होतं रिसेप्शन, पण हात मात्र शाळेतच होता. चटणीच्या डब्यावर तो आपोआप आखडला आणि पाचजणींपैकी एकीलाही ते कळलं नाही. आणि हे कुठं? तर कोल्हापुरात! जिथं जेवताना नाकातून पाणी आलं नाही तर माणूस विचारतो, आज घरात कोण आजारी हाय काय?

नेमकी तेव्हाच बयाबाई शेडमध्ये आली. जांभळी इरकल, नाकात नथ, हातभर बांगड्या. तिनं बोट बुडवलं, चाटलं.

"बना," ती म्हणाली, "हे पावण्यास्नी वाढणार, का पाळण्यातल्या पोरांस्नी? आणि तिकडं बघ जा. नवरदेवाची अज्जी घरनं डबा घेऊन आलीया. डबा! आपल्या जेवणावर भरवसा न्हाय त्यांचा."

बनाबाईनं लाल तिखटाचा डबा उचलला आणि परत ठेवला. नुसती लाल पूड ओतली असती तर कच्चं तिखट घशाला लागलं असतं. मसूर तारायला पाहिजे होती कांदा-लसणाची चटणी. डंकावर कुटून आणलेली, मुरलेली. तशी चटणी अख्ख्या गल्लीत एकाच घरात होती. आणि त्या घरातून चमचाभर चटणी कुणाला मिळाल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

"अक्का," बनाबाई म्हणाली, "तुमची चटणी पायजे मला."

चौघींनी हातातलं काम सोडून बयाबाईकडं पाहिलं.

"खिचडीत घालाय?" बयाबाई म्हणाली.

"व्हय, खिचडीत घालाय. माझा हात चुकला, अक्का. तुमचा चुकत न्हाय म्हणून मागतोय."

बयाबाईनं जावेकडं पाहिलं. तोंडावर वाफेचा घाम, कपाळावर विस्कटलेलं कुंकू, आणि ठेवणीतली साडी अजून पिशवीतच. बयाबाईनं कमरेची किल्ली चाचपली.

"इकडं द्या, मी आणतो पळत," सम्राट पुढं झाला.

"माझ्या बरणीला पैलवानाचा हात लावतोस व्हय? मोडशील. चल, काढ तुझी ती बुलेट."

पेठेतल्या लोकांनी त्या संध्याकाळी जे पाहिलं ते अजून सांगतात. पुढं सम्राट, मागं एका बाजूला बसलेली बयाबाई, पदर वाऱ्यावर उडालेला, काखेत तान्ह्या बाळासारखी धरलेली चिनीमातीची बरणी, आणि प्रत्येक चौकात तिचा आवाज, "सरका की रं! बाजूला व्हा!"

पण इकडं पहिली पंगत बसली. नवऱ्याकडच्यांची. त्यांना थांबवायचं कसं? बनाबाईनं साडी बदलली, तोंड धुतलं आणि स्वतः मसुराची बादली उचलली. जे होईल ते तोंडासमोर होऊ दे.

टेबलाच्या टोकाला शांतादेवी अज्जी बसल्या होत्या. ताटाशेजारी स्टीलचा डबा. सगळ्यांच्या नजरा त्या डब्यावर, आणि वीरेशची आई शरमेनं खाली बघत होती.

"राग मानू नकोस बाळ," अज्जी म्हणाल्या. "अल्सर हाय मला. कोल्हापूरचं जेवण म्हटल्यावर जीव घाबरला. म्हणून दहीभात बांधून आणला."

"बोटभर चाखून बघा, अज्जी. न्हाय सोसलं तर डबा मी माझ्या हातानं उघडून देतो."

अज्जींनी भीतभीत चाखलं. थांबल्या. मग पुरीचा तुकडा मोडला. मग दुसरा. बनाबाई बादली धरून तशीच उभी.

"अजून घाल," अज्जी म्हणाल्या. "किती वर्षांनी लग्नात जेवतोय मी! जाईल तिथं डबा. घरात सुद्धा माझ्यासाठी ताकभात वेगळा. मसूर कसा लागतो ते इसरून गेलतो बघ. कुणी केलंय हे?"

तोवर स्टेजवरून स्नेहल उतरून आली होती. भरजरी साडी सावरत, हार एका हातात धरून. "माझ्या आईनं, अज्जी," ती म्हणाली, आणि तिनं आवाज मुद्दाम मोठा केला. "शाळेत पोरांना रोज करून घालते. मी ह्याच्यावरच वाढलोय."

"रोज?" अज्जींनी बोट चाटलं. "नशिबाची पोरं म्हणायची."

डबा शेवटपर्यंत उघडलाच नाही. नवऱ्याकडची लहान पोरं पाणी न मागता जेवली. त्यांच्या आयांनी पहिल्यांदाच स्वतःच्या ताटाकडं बघून चार घास खाल्ले.

दुसरी पंगत बसेपर्यंत बयाबाई येऊन ठेपली होती. तिनं इरकलीचा पदर खोचला, कढईत तेल तापवलं आणि बरणी उपडी केली. सगळी! शेडमधल्या सगळ्यांना एकदम ठसका लागला. "ओत की आता मसुरात," ती म्हणाली.

"सगळ्यात नको, अक्का," बनाबाई म्हणाली. आता तिचा आवाज सकाळचा, पातेल्यापुढचा होता. "अर्धा तसाच ठेवा. दोन बादल्या फिरू देत. इचारून वाढायचं."

आणि मग हॉलभर एकच गजर. "साधा का झणझणीत? बोला पावणं, साधा का झणझणीत?" कोल्हापूरवाल्यांनी ताटात लालभडक तर्री घेतली, नाकं पुसली, हाशहुश केलं आणि पुन्हा ताट पुढं केलं. फौंड्रीतले लोक तर पैजा लावून जेवले. सम्राट दोन्ही बादल्या घेऊन पंगतीतून वाऱ्यासारखा फिरत होता. मॅनेजर शेडच्या दारात उभ्या उभ्या दोन वाट्या रिचवून म्हणाला, "मावशी, पुढच्या महिन्यात एक पार्टी हाय. बाहेरचा केटरर पायजे म्हणत्यात. तुमचं नाव देऊ काय?"

"पुरं नाव सांगा," बनाबाई म्हणाली. "बनाबाई आकाराम चौगले."

शेवटची पंगत वाढप्यांची आणि शिजवणाऱ्यांची. चौघी जणी बसल्या, तरी बनाबाई पाण्याचे जग लावत फिरतच होती. शेवटी आकारामनं खुर्ची ओढली आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला खाली बसवलं. स्टेजवर फोटोवाला दिवे काढत होता. गाडीत बसण्याआधी स्नेहल एकदा धावत आली, तिनं आईच्या गालावरचं पीठ पुसलं आणि गेली.

बनाबाई दाराकडं बघत राहिली. तेवढ्यात समोर जांभळी इरकल येऊन उभी राहिली. दोन हातांत दोन बादल्या.

"कुठला वाढू गं?" बयाबाईनं विचारलं.

ताट टेबलावरच ठेवायचं असतं. पण बनाबाईनं ते उचललं आणि पहिलीतलं पोर धरतं तसं दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"दोन्ही," ती म्हणाली.